किल्ली कपाटातच

वळवाचा पाऊस आला की सांगलीत लाईट जाते यात नवीन काय नाही. त्या दिवशीही गेली, तासभर आली नाही, इन्व्हर्टरची बॅटरी तशीही म्हातारी झालेली, तिनं मान टाकली आणि जिन्याच्या वळणावर मांडलेली माझी तिन्ही मशीन एकामागनं एक गपगार झाली. लाईट आल्यावर मी निवांत होते, कारण सगळं आपोआप चालू व्हावं असं मीच सेट करून ठेवलेलं. पंखे घुमले, हिरवे दिवे लुकलुकले, आणि पाचेक मिनिटांनी खालनं आईचा आवाज आला, "अगं, नेट का नाही?"

आता मी कोण, तर पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर घरात बसून सांभाळणारी बाई. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची मशीन बंद पडू नयेत म्हणून पगार घेते, आणि माझ्याच घरात आईची सिरियल बंद.

झालेलं असं. घरातल्या सगळ्या फोनला, टीव्हीला कुठल्या नावाचा पत्ता कुठला ते सांगणारा डीएनएस सर्व्हर मी एका व्हीएममध्ये, म्हणजे मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या दुसऱ्या मशीनमध्ये, ठेवलेला, वर जाहिरातीही अडवायचा, त्यामुळं आईपण खूश होती. त्या व्हीएमची डिस्क होती एनएएसवर, म्हणजे नेटवर्कवरनं सगळ्यांना साठवायला जागा देणाऱ्या तिसऱ्या मशीनवर. त्याला मी हौसेनं 'कोठार' असं नाव दिलेलं आणि बाकी दोन मशीनना सांगितलेलं की तुमचा माल कोठारात आहे. लाईट आल्यावर पहिलं मशीन उठलं, त्यानं विचारलं कोठार कुठाय? हे विचारायचं कुणाला, तर डीएनएसला. डीएनएस कुठाय? कोठारात. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिन्यात उभे राहून माझा चेहरा बघत होते. त्यांना मी हे असंच सांगितलं, किल्लीचं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "एवढं शिकून हे असंच असतंय व्हय तुमच्यात?"

असतंय. मोठमोठ्या ठिकाणी पण असतंय, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

घरात अशी सर्व्हरची लॅब मांडायचं खूळ डोक्यात कधी शिरलं ते सांगते. ऑफिसात आमच्याकडं बरीच वर्षं व्हीएमवेअर कंपनीचं, एका मशीनवर अनेक व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, घरी शिकायला त्यांचंच फुकटचं ईएसएक्सआय होतं. मग नोव्हेंबर २०२३ला ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतली, फेब्रुवारी २०२४मध्ये ते फुकटचं बंद झालं (एप्रिल २०२५ला परत आलं, पण तोवर माझं बिऱ्हाड हललेलं), आणि ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी त्याच कामाचं प्रॉक्समॉक्स आलं. ते ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाचं, २००८पासनं आहे, खाली डेबियन लिनक्स आणि त्यात व्हीएम चालवणारं केव्हीएम. केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आलं २००७ला. म्हणलं शिकायचंच आहे तर दुसऱ्याच्या मशीनवर चुका करण्यापेक्षा स्वतःच्या घरात करू.

अण्णांना समजवायला मी वाड्याचं उदाहरण दिलं. एक वाडा, त्यात पाच बिऱ्हाडं, प्रत्येकाला वाटतंय हे घर आपलंच, पाणी-लाईट कुणाला किती ते मालक ठरवतोय. व्हीएम म्हणजे स्वतंत्र चूल असलेलं बिऱ्हाड. कंटेनर म्हणजे खोली वेगळी पण चूल एकच. त्यांना पटकन कळलं, वर विचारलं की हे नवीन आहे का. नाही, बहात्तरच्या दुष्काळाच्या साली आयबीएमनं व्हीएम/३७० बाजारात आणलं होतं. "बहात्तरला?" अण्णा म्हणाले, "आम्ही तेव्हा सुकडी खात होतो."

मशीन म्हणाल तर कंपन्यांमधनं निवृत्त झालेले छोटे डेस्कटॉप, लेनोवोचे टायनी, जाड डिक्शनरीएवढे, दोन. पुण्यातनं सेकंडहँड आणले, रॅम ३२-३२ जीबी केली. कोठारासाठी आमचाच जुना टॉवर पीसी, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क, दोन-दोनच्या जोड्या, म्हणजे जोडीतली एक गेली तरी दुसरीवर तेच. सोळा टीबीच्या डिस्क लावून हातात आठ, आणि त्यातही प्रत्येक ४ टीबीची डिस्क मशीन ३.६ दाखवतंय, कारण विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि मशीन १०२४च्या. अण्णा आडतीतले. लगेच म्हणाले, "म्हणजे कडता कापतात." बरोब्बर.

तिन्ही मिळून ८० वॅटच्या आसपास खातात, महिन्याला ५८ युनिटं. हा आकडा मी घरात सांगत नाही.

सगळ्यात जास्त रडवलं ते केबलनं. सगळं मांडलं, एनएफएसवरनं, म्हणजे नेटवर्कवरची डिस्क आपलीच असल्यासारखी वापरायच्या पद्धतीनं, कोठार दोन्ही मशीनना जोडलं, एक मोठी फाईल कॉपी करून बघितली आणि स्पीड आला सेकंदाला ११ एमबी. गिगाबिटवर ११०च्या पुढं यायला पाहिजे. दोन दिवस मी डिस्क तपासल्या, सेटिंग्ज बदलल्या, रात्री दीडला कुणाकुणाचं काय काय वाचलं. आणि ११ हा आकडा डोळ्यासमोर असून माझ्या डोक्यात उजेड पडत नव्हता! ११ म्हणजे शंभर एमबीपीएसची लाईन, दुसरं काही नाही (लाईन बिटांत मोजतात, फाईल बाइटांत, आठ बिटांचा एक बाइट). स्विच गिगाबिट, मशीन गिगाबिट, मग राहिली कोण, तर वरच्या मजल्यावरनं खाली येणारी केबल, जी कधीकाळी नेट जोडायला आलेल्या पोरानं टाकलेली. क्लिप कापून बघितली तर आत नारिंगीची जोडी आणि हिरव्याची जोडी नीट बसवलेली आणि निळी, तपकिरी चक्क मुळापासनं छाटून टाकलेली. चारच तारा. शंभरच्या लाईनीला चारच लागतात, गिगाबिटला आठही लागतात. तेव्हा नेट होतं ८ एमबीपीएसचं, त्या पोराच्या हिशोबानं चार तारा म्हणजे चैनच होती. मी क्रिम्पिंगची, म्हणजे केबलला क्लिप दाबून बसवायची, पक्कड मागवली, पहिल्या सहा क्लिपा वाया घालवल्या, सातवी बसली. तारा ओळीनं लावून, नखानं सरळ करून, एका रेषेत कापून आत सारायच्या, शेवटपर्यंत गेल्या का ते क्लिपच्या तोंडाकडनं बघायचं, तांब्याची आठ टोकं चकाकताना दिसली की मगच दाबायचं. पहिल्यांदा ११३ आकडा दिसला तेव्हा मी आईला वर बोलवून दाखवला. ती म्हणाली "छान", आणि कुकर बघायला गेली.

मग दुसरं लफडं. मोठी फाईल झकास जातीय, पण व्हीएमच्या आत काही करायला गेलं की गोगलगाय. याचं कारण मला ऑफिसात माहीत होतं, पण अंगवळणी पडलं ते अण्णांमुळं. एनएफएसवरनं व्हीएम जेव्हा लिहिते तेव्हा ती अडून बसते की खरंच डिस्कवर गेलं असं सांग, तोवर मी पुढं सरकत नाही. कोठारात डिस्कवर काय कुठं लिहायचं हा कारभार झेडएफएसकडं आहे, त्याची पद्धत अशी की आलेलं मेमरीत गोळा करायचं आणि साधारण दर पाच सेकंदांनी एकगठ्ठा जागेवर लावायचं. पण ज्याला आत्ताच्या आत्ता पोच पाहिजे त्याच्यासाठी आधी एका नोंदीच्या जागी लिहून ठेवायचं. अण्णांना हे सांगत होते तर मधेच म्हणाले, "मग ही रोजकीर्दच की."

आणि खरंच की. आडत दुकानात माल आला, पैसे दिले, की दिवाणजी आधी रोजकीर्दीत लिहितो, आला तसा, घाईत. निवांत झाल्यावर त्याची खतावणी, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्याला खातेवहीत. मधे दिवाणजी आजारी पडला तरी रोजकीर्द आहे, त्यावरनं खातेवही उभी करता येते. खाडाखोड करायची नाही, चुकलं तर खाली नवीन नोंद. झेडएफएसपण जुन्यावर नवं लिहित नाही, नव्या जागी लिहितं आणि मग बोट तिकडं वळवतं. म्हणून त्याला स्नॅपशॉट जमतात, म्हणजे अमुक वाजता वही कशी होती ते जपून ठेवणं, जवळजवळ फुकटात.

माझा प्रॉब्लेम हा होता की रोजकीर्द आणि खातेवही दोन्ही त्याच फिरत्या डिस्कवर, म्हणजे एकच दिवाणजी दोन वह्यांमध्ये धावतोय. यावर शॉर्टकट आहे, सिंक बंद करायचं, म्हणजे हमालानं पोतं दारात टाकायचं आणि "थप्पीला लावलं" म्हणून सांगायचं. मी केला तो शॉर्टकट. पळत होतं अक्षरशः. आठ दिवसांनी लाईट गेली, मेमरीतलं मेमरीतच राहिलं, आणि माझ्या नोट्सचा डेटाबेस उघडेना. झेडएफएस एकदम ठणठणीत बरं का, त्याची स्वतःची वही चोख, फक्त व्हीएमला दिलेला शब्द खोटा पडलेला. मग एक छोटी एसएसडी घेतली, सर्व्हरातनं निघालेली सेकंडहँड, जिच्यात लाईट गेली तरी हातातलं लिहून संपवण्यापुरते कपॅसिटर असतात, आणि तिला फक्त रोजकीर्दीचं काम दिलं.

इथं एक डिस्क पण गेली, टकटक करत. मी घाईत स्वस्तातली दुसरी आणली, आणि जोडीतल्या दुसरीवरनं तिच्यावर सगळं उतरवून घ्यायचं, रात्रीत होईल वाटलेलं काम पाचव्या दिवशी संपलं. नंतर कळलं की ही डिस्क शिंगल्ड प्रकारची, खोक्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. आपल्या कौलांसारखं असतंय ते, एका ओळीवर दुसरी ओळ थोडी चढवलेली, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त मावतं, पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची सगळी उचलायला लागतात. नुसतं साठवायला ठीक. रोजच्या उलाढालीला नाही.

कोरमची गंमत तर अण्णा अजून मार्केट यार्डात सांगतात. प्रॉक्समॉक्सची दोन मशीन जोडून क्लस्टर केलं, आणि एक दिवस साफसफाईला एक बंद केलं तर दुसरं नीट चालू असून एकही नवीन व्हीएम सुरू करू देईना. मेसेज काय, तर कोरम नाही. दोनातला एक हजर म्हणजे निम्मे, आणि बहुमत म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यामागं अक्कल आहे, नाहीतर मधली तार तुटली तर दोघांना वाटणार आपणच मालक आणि दोघं एकाच डिस्कवर लिहिणार. पण आमच्याकडं साखर कारखान्यापासनं पतसंस्थेपर्यंत प्रत्येक नोटिशीच्या खाली ओळ असते की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल, तिला गणपूर्तीची गरज नाही. अण्णांनी हेच विचारलं, "अर्धा तास थांबून बघितलंस का?" तशी एक कमांड आहे, अपेक्षित मतं एक कर असं सांगणारी, पण ती वापरायची सवय वाईट. मी तिसरं मत म्हणून एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, लावला. तो काम काही करत नाही, फक्त सभेला हजर असतो. असे सभासद सगळ्या संस्थांत असतात.

आता जागेचं. आमचं घर गावभागात, मारुती चौकाच्या मागच्या अंगाला. पावसाळ्यात इथं कुणी कुणाला "कसं काय" विचारत नाही, "आयर्विनला किती?" विचारतात, आयर्विन म्हणजे १९२९चा कृष्णेवरचा पूल, त्याच्यावरची फूटपट्टी. ४० फुटाला इशारा, ४५ला धोका. २०१९ला ५७च्या वर गेलं. आमच्या जिन्याची सहावी पायरी बुडली, भिंतीवर अजून रेघ आहे, रंग दोनदा मारला तरी उमटते. म्हणजे खाली ठेवायचं नाही. वर माळ्यावर पत्रा, मे महिन्यात तिथं डिस्कचं तापमान ५५ दाखवत होतं. म्हणून माझा सगळा डेटा सेंटर जिन्याच्या वळणावर, पुराच्या रेघेच्या वर आणि पत्र्याच्या खाली, अकराव्या पायरीला, एका जुन्या चपलांच्या रॅकमध्ये.

कोठार हे नाव मी दिलं होतं खरं, पण अण्णा त्याला पेव म्हणतात. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद साठवायची पेवं होती, जमिनीत २०-२५ फूट खोल, वर तोंड माणूस उतरेल एवढं, आत घागरीसारखं फुगलेलं. आत पाला लावायचा, हळद भरायची, तोंड फरशीनं-मातीनं बंद. त्या मातीचा गुण असा की आत ओल धरत नाही, हवा नाही म्हणून कीड नाही, वर्षानुवर्षं हळद तशीच. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा दोरीनं, विझला तर थांबायचं. मी लहान असताना अण्णांबरोबर गेलेले आहे, वरनं वाकून बघितलं की खालनं एक उग्र, गरम वास येतो, तो नाकात दोन दिवस राहतो. सांगलीच्या हळदीला २०१८ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा गावात कौतुक झालं, पण पेवं तोवर बहुतेक गेलेली होती. २००५च्या पुरात पाणी शिरलं. आमची दोन होती.

त्याच पुरात वह्यापण गेल्या. खालच्या खोलीत लोखंडी कपाट, आजोबांच्या वेळचं, त्यात सगळ्या खातेवह्या. पाणी उतरल्यावर कपाट उघडेना, दार गंजून फुगलेलं, पहारीनं तोडलं. आत वह्यांचा लगदा. रोजकीर्द आणि खातेवही एकाच कपाटात! गच्चीवर दोऱ्या बांधून आम्ही पानं वाळत घातली, निळी शाई सगळ्या पानावर सारखी पसरलेली, आई एकेक पान उलथन्यानं सोडवत होती. काही वाचता येत होतं, बरंचसं नाही. कोणाचं किती देणं, कोणाला किती उचल दिली, सगळं त्यात.

अण्णा चार दिवस काही बोलले नाहीत. मग त्यांनी एका पोराला मोटारसायकल दिली आणि गावोगाव निरोप धाडला, तासगाव, कवठे, विट्याकडं, की ज्यांच्याकडं आमच्या दुकानाच्या पट्ट्या असतील त्यांनी घेऊन या. पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा माल विकला की आडत्या जी हिशोबाची चिठ्ठी देतो ती, इतकी पोती, हा दर, ही हमाली, ही तोलाई, उचल वजा जाता इतके रोख. आणि माणसं आली हो. पिशवीतनं, पत्र्याच्या डब्यातनं, एकानं तर देवाच्या फोटोमागनं काढून आणल्या, सात-आठ वर्षांच्या, दोऱ्यात ओवलेल्या. आमच्या पडवीत महिनाभर ते चाललं होतं. अण्णा वाचायचे, मी लिहायची, नवीन वहीत, आधी नाव मग खाली नोंदी. काही लोक आले नाहीत. त्यांचं अण्णांना आठवत होतं तेवढं नाव लिहून पान कोरं सोडलं. मी विचारलं तर म्हणाले राहू दे पान, नाव तर आहे.

ती नवीन वही मी गेल्या वर्षी स्कॅन केली, ३१२ पानं. कोठारात पहिली ठेवली ती.

आणि मग त्या आईच्या सिरियलच्या रात्री, सगळं परत चालू झाल्यावर (कोठाराचं नाव सोडून नुसता आयपी, म्हणजे आकड्यातला, पत्ता दिला, डीएनएस हलवला त्या बिनकामाच्या रास्पबेरी पायवर, दोन्ही मशीनना सांगितलं की उठल्यावर चार मिनिटं थांबा), मी खाली जेवायला बसले तर अण्णांनी विचारलं, "ती वही कुठाय?"

म्हणलं पेवात.

"आणि?"

आणि काय, दोन डिस्कवर आहे, दर तासाला स्नॅपशॉट आहे, महिन्यातनं एकदा सगळं तपासून घेतं स्वतःहून, स्क्रब म्हणतात, तुमचा कंदीलच. मी बोलत गेले. ते भाकरी मोडत होते, मान वर केली नाही. सगळं एकाच रॅकमध्ये आहे हे माझं मलाच ऐकू आलं.

मावशीचं गाव विटा, ते उंचावर आहे, कृष्णा तिथनं लांब. तिच्या घरी कपाटावर आता एक तिसरा टायनी आणि एक डिस्क आहे. पहिली कॉपी मी गाडीत मांडीवर ठेवून नेली, कारण त्यांच्या नेटवरनं ती जायला महिना लागला असता, आता रोज रात्री फक्त त्या दिवसाचा फरक जातो, वायरगार्डच्या, म्हणजे बाहेरच्याला आतलं वाचता येत नाही अशा, बोगद्यातनं, बहुतेक दिवशी पाच मिनिटांत. पण कॉपी आहे म्हणजे ती परत उभी राहते असं नाही, हे ऑफिसात मी नवीन पोरांना तोंड दुखेपर्यंत सांगते, तर दिवाळीत आम्ही विट्याला गेलो तेव्हा मुद्दाम करून बघितलं. सांगलीतलं सगळं गेलं असं समजायचं. टायनी पुसून कोरा केला, प्रॉक्समॉक्स परत टाकलं, डिस्क लावली. कागदावर लिहून नेलेला एक पासवर्ड चुकीचा निघाला, त्यात तासभर गेला, बरोबरचा कुठं तर सांगलीतल्या पासवर्डच्या व्हीएममध्ये, परत किल्ली कपाटातच. शेवटी फोनमध्ये जुना सापडला. दुपारी साडेतीनला वही उघडली.

मी टॅब अण्णांच्या हातात दिला. ते बोटाला थुंकी लावून पान उलटायला गेले, मग हसले, मग सरकवायला लागले. बराच वेळ बघत होते. एका पानावर थांबले, वर नाव, खाली सगळं कोरं.

"ह्याची पट्टी आलीच नाही," म्हणाले. "उचल मोठी होती."

मावशी चहा घेऊन आली तर तिच्याकडं वळून विचारलं, "ह्यांचं घर इथनं लांब आहे का गं?"